लोपीस सरांचा कान

लोपीस सरांचा कान गेला, असं आमच्या शाळेत म्हणत. ते खोटं होतं. त्यांचा कान शेवटपर्यंत शाबूत होता. तो गेला असं लोकांना वाटलं ते माझ्यामुळे, आणि सरांनाही तसंच वाटू लागलं तेव्हा मी गप्प बसलो.

सर चित्रकला शिकवायचे. वसईजवळ नंदाखालला केळी-नारळाची वाडी, आवाज खणखणीत, आणि शिंपल्यांच्या बाबतीत स्वतःसारखा जाणकार वसईत नाही असं स्वतःच सांगायची सवय. मी त्याच शाळेत नवा शिक्षक, मूळचा साताऱ्याचा, वसईच्या एव्हरशाईन वसाहतीत नुकतं घर घेतलेलं. मला सगळे शिंपले सारखेच दिसत. सरांना त्याचा फार राग. "घाटावरच्या, गाय आणि म्हैस तुला वेगळी कळते ना? मग हे का नाही?" म्हणत त्यांनी मला कळंबच्या किनाऱ्यावर ओहोटीला नेलं.

तिथे ते वर्गात शिकवावं तसं शिकवू लागले. तिसरी नावाच्या शिंपलीच्या दोन्ही बाजू सारख्या, पाठीवर नागमोडी रेघा. ती वाळूत रुतून बसते. कालव खडकाला जन्मभर चिकटलेलं. एक बाजू वाटीसारखी खोल, दुसरी नुसतं झाकण. शिणाणे लांबट, हिरव्या-काळ्या कडेचे, तंतूंनी धरून राहणारे. आणि एक शिंप चपटी, इतकी पातळ की उजेड आरपार जावा. "जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी हीच लावायचे. आमच्या आजीच्या घरात हिच्यातून दुपार यायची," सर म्हणाले. ते वाक्य ऐकून मी पहिल्यांदा या गावाकडे राहायच्या जागेपलीकडचं काही म्हणून पाहिलं.

पण सरांची खरी करामत कानाची. तिसऱ्या शिजवण्याआधी ते दोन-दोन घेऊन कानाशी एकमेकींवर आपटत. जिवंत तिसरी टणक वाजते. मेलेली, आत चिखल भरलेली तिसरीही तशीच मिटलेली दिसते, पण बद्द वाजते. ती एक जरी पातेल्यात गेली, तरी उकळताना उघडते आणि सगळा रस्सा गढूळ करते. "तोंड मिटलेला प्रत्येक जण शहाणा नसतो. आधी वाजवून बघावा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शाळेतल्या बैठकीतही ते हळूच माझ्या कानाशी हेच म्हणत, आणि मला हसू आवरत नसे.

परीक्षा संपल्यावर त्यांनी सगळ्या शिक्षकांना वाडीत जेवायला बोलावलं. विहिरीजवळ चूल मांडली. तिसऱ्यांचा अर्धा ढीग सरांनी घेतला, अर्धा मला दिला. मोबाइलवर सामना रंगात आला होता. मी चार-दोन वाजवल्या आणि बाकीच्या ओंजळीने पातेल्यात ढकलल्या.

"वाजवल्यास का रे सगळ्या?"

"हो सर, एकूण एक."

पहिल्याच घासाला सगळ्यांच्या दातांखाली कचकच झाली. गावडे मॅडम म्हणाल्या, "सर, वाडीतली मातीच वाढलीत की काय?" हशा पिकला. सरांनी रस्सा चाखला आणि डाव खाली ठेवला. "माझ्या ढिगातली असणार," ते म्हणाले. "वय झालं. कान दगा देतोय." पातेलं केळीच्या बुंध्याशी रिकामं झालं. मी पाव खात राहिलो.

पुढे ती शाळेत थट्टाच झाली. कोणी हाक मारली आणि सरांनी वळायला उशीर केला, की "बद्द वाजलं" म्हणायचे. सर निवृत्त झाले. किनाऱ्यावर जायचं त्यांनी सोडल्याचं मी ऐकलं, तरी खरं सांगायचा मला धीर झाला नाही. एकदा बाजारात सरांच्या पत्नी रोझीवहिनी भेटल्या. म्हणाल्या, "जगताप, तुम्ही तरी समजवा त्यांना. कान तपासायला चला म्हटलं तर घाबरतात. चर्चच्या गायनमंडळातूनही नाव काढलं. म्हणतात, माझा सूर लागतोय की नाही, मलाच कळत नसेल."

त्याच संध्याकाळी मी वाडीत गेलो आणि सगळं सांगितलं. सर आत बघून ओरडले, "रोझे, ऐकलंस का? कान माझा ठीक आहे! गाढव हा आहे!" मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाले, "मला एकट्याला कशाला सांगतोस? जे जेवायला होते, त्यांना सांग."

सर आता नाहीत. पण त्यानंतर कितीतरी रविवार ते गायनमंडळात पुढच्या रांगेत उभे राहून गायले. मला किनारा दाखवणाऱ्या माणसाने मला त्याचं आयुष्य नासवू दिलं नाही, वेळेवर दुरुस्त करून घेतलं. या उपकाराला माझ्याकडे शब्द नाहीत.

मी वाडीत जाऊन कबुली दिली, त्याच्या पुढच्याच आठवड्यात सरांनी त्याच मंडळींना पुन्हा बोलावलं. या वेळी सगळ्या तिसऱ्या त्यांनी एकट्याने वाजवल्या. पानं मांडली, पण कोणी घास उचलेना. एकमेकांकडे बघत होते. सरांनी मला कोपराने ढोसलं. मी उभा राहिलो. गावडे मॅडमकडे बघायचं धाडस होईना, म्हणून सरांकडेच बघून बोललो, "त्या दिवशीच्या तिसऱ्या मी न वाजवता टाकल्या होत्या. सरांना खोटं सांगितलं, आणि तुम्ही हसलात तेव्हा मीही हसलो. चूक माझी होती. सर, मला माफ करा."