एकोणतीस नंबरचा अर्ज

सापगावच्या रंजिताला नाही म्हणता येत नसे, हाच तिचा मोठा दोष. कल्याणला कॉम्प्युटर शिकून आली, घरी बसून लांबलांबच्या कंपन्यांची कामं करी, आणि रस्त्याने जाणारा कोणीही हाक मारून तिच्याकडून सातबारा काढून घेई. मुरबाडच्या मुलींच्या वसतिगृहाची सोडतही अशीच तिच्या गळ्यात पडली.

वसतिगृह एका संस्थेचं. दहा खाटा शहापूरकडच्या मुलींना, दहा मुरबाडकडच्या. दोन्हीकडे चाळीस-चाळीस अर्ज. आधी घागरीत चिठ्ठ्या टाकून नावं काढत. पण गेल्या साली गोजर नावाच्या एका बापाने पोरीची चिठ्ठी पेजेत बुडवून उन्हात वाळवली. पापडच झाला तिचा! चिठ्ठ्या काढायला बसलेला त्याचाच मेहुणा. बोटांना पापड लागला की उचलला. उघडायला गेला तर चिठ्ठी कडकन मोडली आणि भर सभेत बिंग फुटलं. तेव्हा संस्थेचे सेक्रेटरी अमोल सर म्हणाले, "रंजिता, आता मशीनच काढू दे. मशीनला मेहुणा नसतो."

रंजिताने दोन दिवसांत प्रोग्रॅम लिहिला. घरच्या लॅपटॉपवर वीस वेळा चालवला. वीस वेळा निराळे आकडे. खूश झाली.

शहापूरची सोडत संस्थेच्या कॉम्प्युटरवर झाली. सतरा, तीन, एकोणतीस, आठ... एकोणतीस आला तेव्हा मागच्या रांगेत ललिताने तोंडाला पदर लावला. ललिता गावाबाहेरच्या वाडीवरची. दिवाळी झाली की नवरा-बायको वीटभट्टीवर जात, आणि लेक जानी त्यांच्यासोबत. दरसाल पोरीची शाळा निम्म्यावर तुटे. एकोणतीस नंबरचा अर्ज जानीचा. तो रंजितानेच भरला होता, फोटोसुद्धा तिनेच चिकटवला होता.

दुसऱ्या दिवशी तोच कॉम्प्युटर जीपमध्ये घालून मुरबाडला नेला. चहा करायला हिराबाईही दोन्हीकडे. ही बाई लिहिणं-वाचणं जाणत नाही, पण शंभर माणसांत कोणी दोनदा चहा घेतला ते दोन दिवसांनी सांगेल. पडद्यावर सतरा आला. मग तीन. हिराबाई किटली घेऊन उभी होती, सहज बोलून गेली, "आता एकोणतीस."

एकोणतीस आला.

लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "हिराबाय, फुडचा सांग गो!"

"आठ."

आठ आला. मग मात्र कोणी हसलं नाही.

"हिला कोणी सांगितलं?" पुढच्या रांगेतला एक बाप उठला.

"मला कोण सांगंल बाबा? काल शापुरात ह्येच आले व्हते."

सगळ्या माना रंजिताकडे वळल्या. तिने सोडत तिथेच थांबवली.

मागच्या खोलीत बसून तिने स्वतःचा प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. चूक सापडायला फार वेळ लागला नाही. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात आकडे घुसळणारी एक व्यवस्था असते. कळ दाबली तो क्षण, डिस्क हलली तो क्षण, असं कोणालाही आधी ठाऊक नसलेलं घेऊन ती घुसळत राहते. रंजिताच्या लॅपटॉपवर लिनक्स, तिथे त्या व्यवस्थेचे आकडे एका फाइलीतून वाचता येतात. संस्थेच्या कॉम्प्युटरवर विंडोज. तिथे व्यवस्था आहे, पण ती फाइल नाही, मागायची रीतच वेगळी. आणि फाइल नसेल तर काय करायचं? लिहिताना तपासून बघायला प्रोग्रॅम अडू नये म्हणून तिने एक ओळ लिहून ठेवली होती: एका ठरलेल्या आकड्यापासून सुरू कर. ती काढायची राहिली. फाइल मिळाली नाही, प्रोग्रॅमने हूं की चूं न करता ठरलेला आकडा घेतला, आणि त्यातून दर वेळी तीच यादी निघाली.

अमोल सरांनी ऐकून घेतलं आणि दार लोटलं. "हे बघ, मुरबाडची परत काढू. शहापूरची यादी लागली, पालक घरी गेले. तिकडे कोणाची तक्रार नाही."

रंजिताला हो म्हणायचं होतं. ललिताच्या तोंडावरचा तो पदर तिला दिसत होता. पण शहापूरची यादी तिने ती ओळ लिहिली तेव्हाच ठरून गेली होती. उरलेल्या तीस पोरींच्या अर्जांना तिथे जागाच नव्हती, आणि ज्या यादीत तिने भरलेला अर्ज वर आला तीच ठेवायची?

"दोन्ही काढायला लागतील, सर."

"लोक म्हणतील तू मुद्दाम केलंस."

"म्हणतायतच."

तिने ती ओळ खोडली. आता प्रोग्रॅम ज्या मशीनवर असेल त्याला त्याच्या रीतीने आकडे मागणार होता, आणि नाही मिळाले तर तिथेच थांबणार होता. चार दिवसांनी दोन्हीकडचे पालक मुरबाडला जमले. रंजिताने आधी तो विंडोजवर चालवून दाखवला, मग आपल्या लॅपटॉपवर, मग संस्थेच्या एका देणगीदाराच्या मॅकवर. सगळीकडे आकडे निराळे. लोकांनी हिराबाईला पुढे ढकललं. तिने तीनदा सांगून पाहिलं, तिन्हीदा चुकली. "नाय जमत गो आता," म्हणाली आणि चुलीकडे गेली.

मग खरी सोडत झाली. शहापूरच्या दहा आकड्यांत एकोणतीस नव्हता.

माणसं पांगली तरी ललिता बसून होती. रंजिता तिच्यापाशी जाऊन बसली.

"ही खरी ना?" ललिताने विचारलं.

"खरी."

"खोटीत नाव व्हतं माज्या पोरीचं. खरीत नाय."

"प्रतीक्षा यादीत चौथी आहे जानी," रंजिताने सांगितलं.

"चार पोरी घरी बसल्या तं माजी जाणार, असंच ना?" ललिता उठली. "फोटो दे परत. दुसरीकडं कामाला येल."

रंजिताने अर्जावरचा फोटो नखाने सोडवला. डिंक घट्ट बसला होता; मागे कागदाचा तुकडा चिकटूनच आला. ललिताने फोटो पुसून कमरेच्या पिशवीत ठेवला.

"शहापूरला अजून एक वसतिगृह आहे," रंजिता म्हणाली. "उद्या विचारते, मग वाडीवर येते."

"ये," ललिता म्हणाली. "पण पक्का झाल्याबिगर पोरीला कायपण सांगू नको. मागल्या येळी सगळ्या वाडीला सांगून आली ती."