पाहुण्यांना भेटायला गाव टेम्पोत

ई-मेलवरच्या कट्टेकऱ्यांनो, आज पेणमध्ये दुभाष्याचं काम केलं आणि तेव्हापासून तोंड कडू झालंय.

परदेशातल्या एका चर्चचे पाहुणे आले होते. खाडीकाठच्या मिठागरवाडीत त्यांचा छोटा दवाखाना चालतो. भरतीत वाडीचा रस्ता बुडतो, अत्यवस्थ पेशंट पेणला आणता येत नाही. तिथली नर्स मार्थाबाई कधीपासून एक होडी मागतेय. पाहुण्यांनी डोळ्यांनी बघावं म्हणून तिने भेट मुद्दाम भरतीच्या वेळी ठेवली.

पण दवाखान्याच्या इथल्या व्यवस्थापकाला साहेबांच्या बुटांची काळजी! त्याने ओहोटीतच अख्खी वाडी टेम्पोत भरून इथे पेणला, रामवाडीच्या हॉटेलात आणली. फोटोसाठी टोपलीभर मीठही.

पाहुणे गहिवरले. म्हणाले, "सगळे वेळेवर पोचले, म्हणजे रस्ता चांगला आहे. होडी कशाला?"

मार्थाबाई रस्त्याबद्दल सांगू लागली, तर व्यवस्थापकाने हार पुढे केले. पाहुणे गाडीत बसून गोव्याकडे निघाले.

मिठागरातली एक म्हातारी म्हणाली, "गो मार्था, ते कुठं आले? आपणच जाऊन आलो नाय?"

आत्ता वाडी बुडालेल्या रस्त्याशी बसून पाणी उतरायची वाट बघतेय. सात समुद्र ओलांडणाऱ्यांना एवढी खाडी ओलांडवली नाही. याला भेट म्हणायचं?