लाजेचे मार्क

२००५च्या आसपास मी केंब्रिजमध्ये मुलांची लाज मोजायचे. पुण्यात स्टॅटिस्टिक्स शिकून शेवटी हाच उद्योग करायचा होता, तर माझ्या आईने तो फुकटात केला असता. दक्षिण लंडनमधल्या, घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना आम्ही फॉर्म द्यायचो. मोठ्यांसमोर बोलायला लाज वाटते का? कधीच नाही, कधीकधी, नेहमी. बेरीज ठरावीक आकड्यापुढे गेली की मुलाला सोशल अँक्झायटी, आणि शाळेला पत्र.

क्रॉयडनमधली एक नऊ वर्षांची कोलंबियन मुलगी या परीक्षेत पहिली आली. पत्र धाडण्याआधी तिच्या घरी जाऊन यायचं काम माझ्याकडे आलं. दार तिनेच उघडलं, कानाला मोबाइल लावून. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ही बया घरातल्या ओलीवरून, घर भाड्याने देणाऱ्या कौन्सिलच्या माणसाला झापत होती. मला तिने हातानेच बसायला सांगितलं.

फोन झाल्यावर मी बिस्किटं पुढे केली. तिने नको म्हणून मान हलवली आणि 'पेना' असं काहीतरी पुटपुटली. तिची आई हसून काही म्हणाली, त्यातही पेना होतंच.

"मम्मी काय म्हणाली?"

"लाजू नकोस, घे."

तिच्या स्पॅनिश फॉर्मवर लाजेसाठी नेमका हाच शब्द छापलेला होता! पहिल्याच आग्रहाला बिस्किट उचलणाऱ्या पोराला आमच्याकडेही हावरटच म्हणतात. आम्ही तिला भीती विचारत होतो आणि ती वळण सांगत होती.

मी निघताना आईने काहीतरी विचारलं. मुलीने ते इंग्रजीत सांगितलं, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला. "मम्मी विचारते, मी आजारी आहे का?"

"नाही गं," मी म्हणाले. मला स्वतःची चीड आली.

आमच्या प्रोफेसरबाईंना सगळे नावाने हाक मारायचे, मी सोडून. दुसऱ्या दिवशी धीर करून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ते पत्र तिथल्या तिथे फाडलं.

"हे तुझ्या कालच लक्षात आलं?"

"शब्दाचं काल. पण मोठ्यांसमोर गप्प बसणं हा आजार नव्हे, असं पहिल्या दिवसापासून वाटत होतं."

"मग वर्षभर मीटिंगमध्ये बोलली का नाहीस?"

"तुमच्यासमोर?"

त्याआधी अकरा पत्रं गेली होती. पाकिटं मीच चिकटवली होती.