बिनसुईचे सर

भेटेल त्याचा दंड धरायचा, त्यावर अंगठा दाबायचा आणि विचारायचं, "कळलं काय? न्हाई ना? झालं!" सांगलीच्या आमच्या फार्मसी कॉलेजातल्या सरांची ही नमस्काराची पद्धत. मी त्यांच्याच विभागात शिकवायचो, त्यामुळे माझा दंड रोजचाच. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, शोध लागायच्या आधीच सत्कार उरकून घेणारा.

सरांचा शोध म्हणजे इन्सुलिनची पट्टी. नखाएवढ्या पट्टीला डोळ्यांना धड न दिसणारे काटे. ते कातडीत शिरून विरघळणार आणि औषध आत जाणार. कल्पना खोटी नव्हती, जगभर त्यावर कामं चालू आहेत. पण आमच्या पट्टीत पुरेसं औषध मावत नव्हतं, मावलं तेवढं वाळवताना नासायचं, आणि पावसाळी हवेत काटे मऊ पडायचे. सर मात्र माधवनगरपासून म्हसवडपर्यंत भाषणं ठोकत हिंडायचे. "सुईचा जमाना गेला गड्या!" मिळालेल्या शाली ठेवायला त्यांनी प्रयोगशाळेतलं एक कपाट रिकामं करून घेतलं होतं.

स्वतः मात्र सुईला भयंकर भ्यायचे. कॉलेजात रक्तदान शिबिर लागलं, की सरांना नेमकं बाहेरगावचं काम निघायचं.

त्यांची आई उंब्रजला असायची. तिला मधुमेह, शेजारची सून रोज येऊन इन्सुलिन टोचून जायची. एका पेपरवाल्यानं फोटो मागितला, तेव्हा सरांनी आईच्याच दंडावर पट्टी चिकटवली. बिनऔषधाची, नुसती फोटोपुरती. आणि ती कोरी आहे हे आईला सांगायची या विद्वानाला लाज वाटली.

म्हातारीनं पट्टी काढलीच नाही. दंड पाण्याबाहेर धरून अंघोळ करायची. शेजारची सून आली की म्हणायची, "आता कशाला टोचतीस गं? माज्या लेकानं औषध लावलंय न्हवं!"

व्हायचं तेच झालं. म्हातारीची शुद्ध हरपली, शेजाऱ्यांनी तिला कराडच्या दवाखान्यात हलवलं. सांगलीहून सरांना घेऊन मीच गाडी हाकली. ते शेजारी बसून नुसता अंगठा चोळत होते. मला कीव नाही आली, संतापच आला.

"सर, खरं सांगायला काय झालं होतं हो?" मी म्हणालो.

सुदैवानं म्हातारी शुद्धीवर आली. सरांनी खाली मान घालून तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आसू दे. फोटू लय झ्याक आलाय."

त्यानंतर सरांनी नोकरी सोडली आणि उंब्रज गाठलं. शाली कपाटातच राहिल्या, कुणी मागायला आलं नाही.

परवा साताऱ्याला जाताना त्यांच्या घरी डोकावलो. म्हातारी खाटेवर बसलेली आणि सर हातात इन्सुलिनची सुई घेऊन पुढ्यात. कपाळावर घाम. त्यांनी आईच्या पोटाची कातडी चिमटीत धरली, तोंड फिरवता फिरवता सावरले आणि टोचलं.

"दुखलं का गं?"

म्हातारीनं ओठ घट्ट मिटून घेतले होते. ते सैल सोडून ती हसली.

"न्हाई रं. कळलंबी न्हाई मला."