संक्रांतीच्या वाणातली गाळणी

मी सासरी नांदायला आले तेव्हा चौदा वर्षांची होते. प्लेगाची मोठी साथ नुकतीच येऊन गेली होती आणि पुष्कळ घरांतली माणसं कमी झाली होती. माझं माहेर जुन्नरात. वडील तिथल्या दवाखान्यात मलमपट्टीचं काम करायचे. सासर बेल्ह्याच्या अलीकडचं, कोरडवाहू. गावाला पाणी एकाच बारवेचं. तिच्या दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरायच्या आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बाया गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागरी बुडवायच्या.

निघताना वडिलांनी माझ्या पेटीत जाड विणीची दोन फडकी घातली. म्हणाले, "पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय प्यायचं नाही. त्या बाजूला नारू फार, पाण्यातल्या किड्यानं होतो तो. रोज दवाखान्यात बघतो मी."

पहिल्याच दिवशी मी घागरीच्या तोंडावर फडकं बांधायला घेतलं. सासूबाई चुलीपुढून उठून आल्या.

"हे काय करतीस?"

"आत्याबाई, पाणी गाळते. वडिलांनी सांगितलंय."

"आमी काय किडं पितो व्हय पाण्यातनं? सात पिढ्या हेच पाणी पितोय आमी."

त्या ओरडल्या नाहीत. पण ओसरीवर बसलेल्या शेजारणी हसल्या आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी फडकं सोडलं, घडी केली आणि पेटीत तळाशी ठेवून दिलं. जुन्नरची पोर शहाणपणा शिकवते, असं कुणी म्हणू नये एवढंच माझ्या मनात होतं.

घरात माझी थोरली जाऊ होती. मी तिला आक्का म्हणायचे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, अंगानं सडपातळ, आणि भाकरी थापताना सतत काहीतरी गुणगुणायची. मला दळताना खुंटा ओढवेना तेव्हा ती समोर बसून माझ्या हातावर हात ठेवायची आणि सगळा जोर तिचाच असायचा. सासूबाईंना वाटायचं दोघी मिळून दळतात. तिला पाच वर्षांची एक मुलगी होती. ती निम्मा दिवस आक्काच्या पदराला धरून आणि बाकीचा वेळ माझ्या मागे.

दुसऱ्या वर्षी चैत्रात आक्काच्या घोट्यावर फोड आला. चटका बसावा तसा. दोन दिवसांत फुटला आणि त्यातून पांढरं सुतासारखं टोक बाहेर आलं. गावात कुणी घाबरलं नाही. प्रत्येक घरात एखाद्याला नारू होऊन गेलेला. सासूबाईंनी धोतऱ्याचं पान गरम करून बांधलं. बाभळीच्या काडीला ते टोक गुंडाळलं आणि रोज बोटभर, हळूहळू ओढत राहायचं असं सांगितलं. महिना लागतो म्हणाल्या.

आग मात्र सोसवत नसे. आक्का सकाळी बारवेवर आली की घागर बाजूला ठेवून आधी पाण्यात पाय सोडून बसायची. डोळे मिटायची. "इथं बसलं की जीव थंड हुतो बघ," म्हणायची. मी शेजारी उभी राहून दोघींच्या घागरी भरायची. सगळेच तसं करत. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पंधरा-सोळा दिवस काडीवर नारू चांगला येत होता. मग एकदा पायऱ्या चढताना काडी लुगड्याच्या काठात अडकली, तिचा तोल गेला आणि काडीला हिसका बसला. नारू तुटला. ती पायरीवर बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुटला गं." जणू एखादी बांगडी तुटली.

तुटलेला नारू आत राहिला की पाय सुजतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चार दिवसांत तिचा पाय मांडीपर्यंत सुजला. नारू काढणारा एक म्हातारा बोलावला, त्यानं चिरा दिल्या, लेप लावले. ताप उतरेना. थोरल्या दिरांनी गाडी जुंपून तिला जुन्नरला न्यायचं ठरवलं, पण ती गाडीच्या धक्क्यानंच किंचाळली, आणि वेशीपासून गाडी माघारी वळली. मी वडिलांना निरोप धाडला. ते दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून औषधं घेऊन आले तेव्हा ज्येष्ठ संपत आला होता. त्यांनी पायाची पट्टी सोडली, बघितलं आणि परत बांधली. आक्का तिसऱ्या दिवशी गेली. शेवटी ती मुलीला ओळखत होती, मला नाही.

दहाव्यानंतर वडील परत निघाले. मी वेशीपर्यंत पोचवायला गेले.

"पोरी," ते म्हणाले, "गाळणं वापरतेस ना?"

मी मान खाली घातली. जाता जाता त्यांनी सांगितलं, "आणि पायाला नारू फुटलेल्या माणसाला पाण्यात उतरू देऊ नका. त्याच पाण्यातून नारू दुसऱ्याच्या पोटात जातो. वर्षानं बाहेर पडतो."

मी तिथंच उभी राहिले. मला बारवेच्या पायरीवर डोळे मिटून बसलेली आक्का दिसत होती. आणि तिच्याच बाजूला वाकून ओंजळीनं पाणी पिणारी तिची मुलगी.

घरी येऊन पेटी उघडली, फडकं काढलं आणि घागरीला बांधलं. सासूबाईंनी बघितलं. या वेळी त्या चुलीपुढून उठल्या नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात गाळलेलंच पाणी पीत. पण ते पोर शेरडांमागं हिंडायचं आणि तहान लागली की बारवेवर जाऊन ओंजळ भरायचं. मी तिला रागवायची. एकदा मारलंही. आईविना पोराला मारलं म्हणून शेजारीण मला बोलली.

पुढच्या वैशाखात तिच्या गुडघ्याखाली फोड आला.

वडिलांनी सांगितलेलं वर्ष मी मनातल्या मनात मोजलं. ज्या पाण्यात तिच्या आईनं पाय सोडला होता, तेच पाणी. मी हे घरात कुणाला बोलले नाही. दिरांना सांगून काय करणार होते? सासूबाईंना तर नाहीच. आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदा लिहिते आहे, कारण आता ते ऐकायला त्यांच्यातलं कुणी उरलं नाही.

पोरीचा नारू मी स्वतः काढला. रोज सकाळी तिला मांडीवर घेऊन बसायची, पायावर पाण्याची धार धरायची, ते पाणी परातीत झेलून लांब मातीत ओतायची. एकोणतीस दिवस लागले. नारू पुरा निघाला, तुटला नाही. पण गुडघ्याच्या सांध्यात सूज उतरली होती आणि पाय जो आखडला तो सरळच राहिला. सात वर्षांची पोर. तिनं एकदाच विचारलं, "काकी, माझा पाय कदी वाकल?" मी म्हटलं, पाऊस पडला की. पाऊस पडून गेला. तिनं पुन्हा विचारलं नाही.

त्या वर्षी मला कळून चुकलं की एका घरानं पाणी गाळून भागत नाही. बारव सगळ्यांची. पण मी कुणाला सांगणार आणि कोण ऐकणार? सोळा-सतरा वर्षांची सून मी. मार्गशीर्षात सासूबाई म्हणाल्या, "आवंदा संक्रांतीला हळदीकुंकू करायचं. दोन सालं घरात काई झालं न्हाई. वाण काय वाटायचं, फण्या का कुंकवाच्या डब्या?"

मी दोन दिवस विचार केला. मग धीर करून म्हटलं, "आत्याबाई, गाळणी वाटू."

त्या चुलीत लाकूड सारत होत्या. हात थांबला. शेवटी म्हणाल्या, "धाड निरोप बापाला."

वडिलांनी जुन्नरच्या एका मोमीन विणकराकडून कापड विणून घेतलं. कशासाठी हवं ते ऐकल्यावर त्या चाचांनी नेहमीपेक्षा घट्ट वीण धरली, असं वडिलांनी निरोपात कळवलं. बेल्ह्याच्या बाजाराला येणाऱ्या गाडीतून गठ्ठा आला. मी वीस तुकडे फाडले, कडा दुमडून शिवल्या. पोर लांब पाय करून शेजारी बसायची आणि सुईत दोरा ओवून द्यायची.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी गठ्ठा सोडला आणि एकदम मागे सरकल्या.

"पांढरं? सवाशिनींच्या वटीत पांढरं फडकं घालनार तू?"

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सणाच्या दिवशी, कुंकू लावून, हातात कोरं पांढरं कापड द्यायचं म्हणजे काय ते मला तेव्हा उमगलं. मला रडू फुटलं. सगळा खटाटोप वाया गेला असं वाटलं. सासूबाई उठल्या, आत गेल्या. थोड्या वेळानं पाट्यावर हळकुंड ओढल्याचा आवाज येऊ लागला. त्यांनी स्वतः हळद वाटली, पाण्यात कालवली आणि वीसच्या वीस फडकी एकेक करून बुडवली. संध्याकाळी कुडावर पिवळी फडकी वाळत होती आणि त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे होते.

दुसऱ्या दिवशी गावातल्या बाया आल्या. मी कुंकू लावलं, तिळगूळ दिला, सुगडातली बोरं, हरभरा, उसाचं कांडं ओटीत घातलं आणि वर गाळणं ठेवलं. एकीनं ते उलगडून बघितलं.

"हे कसलं गं वाण? ह्याचं काय करू?"

"पाणी गाळा. नारू होत नाही त्यानं."

दोघी-तिघी हसल्या. पाटलांच्या घरची एक म्हातारी बाई म्हणाली, "आमी काय किडं पितो व्हय?"

माझी मान आपोआप खाली गेली. तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला.

"व्हय, पितो. म्या बी पिलं. सून सांगत व्हती तवा म्याच तिला गप केलं. थोरली गेली माझी. नातीचा पाय गेला. आता तुमी हसा."

कुणी हसलं नाही. बाया हळूहळू उठून गेल्या. सगळं आवरल्यावर सासूबाई मधल्या खांबाला टेकून बसल्या आणि ढसाढसा रडल्या. आक्का गेली तेव्हाही मी त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं. मी जवळ जाऊन बसले. चूक एकट्या त्यांची नव्हती. घडी करून पेटीत ठेवणारे हात माझे होते, आणि ते मी त्यांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. त्या दोन वर्षांनी गेल्या.

त्या वीस फडक्यांचं काय झालं म्हणाल, तर कुणी त्यात भाकरी बांधल्या, कुणी दही टांगलं, एकीनं बाळाला टोपरं शिवलं. पाणी गाळणारी मला चारच घरं दिसली. त्या उन्हाळ्यात पुन्हा सात-आठ जणांना नारू झाला आणि "बघा, गाळून काय झालं" असं मला ऐकवलंही. हा मागच्या वर्षीच्या पाण्याचा आहे, असं मी सांगायची. कुणाला पटायचं, कुणाला नाही. मी दर संक्रांतीला गाळणीच वाटत राहिले. हळूहळू घरं वाढली. पायाला नारू असलेल्यानं बारवेत उतरायचं नाही, त्याचं पाणी दुसऱ्यानं भरायचं, हेही गावानं पुढे मानलं, पण त्याला पुष्कळ वर्षं लागली आणि मधल्या काळात आणखी दोन माणसं गेली.

पोर तेरा वर्षांची झाली तेव्हा तिचं लग्न ठरलं. आखडलेल्या पायाच्या मुलीला बिजवरच मिळाला, आळ्याकडचा, वयानं बराच मोठा. बोहल्यावर तिला मांडी घालता येईना. ती एक पाय लांब करून बसली आणि बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. मी अंतरपाटाच्या मागे उभी होते आणि मला समोरचं काही धड दिसत नव्हतं.

पाठवणीच्या वेळी तिला गाडीत मी चढवलं. एका हातानं तिचा पाय उचलून आत घेतला. तिनं माझं तोंड आपल्या दोन्ही हातांत धरलं.

"काकी, रडू नगं," ती म्हणाली. "म्या इचारून घेतलंय. त्यांच्या हिरीला मोट हाय. पायऱ्या न्हाईत."