साडूंची डबलसीट

आमच्या साडूंचा हेवा न करता त्यांच्या शेजारी पाच मिनिटं बसू शकेल असा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात नाही, आणि उद्या उदगीर वेगळा जिल्हा झालाच तर तिथंही निघायचा नाही. मी तर हे काम लग्न झाल्यापासून नेमानं करत आलो आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. उदगीरच्या मोंढ्यात त्यांची धान्याची आडत आहे. उंचीनं ते माझ्यापेक्षा कमी, शिक्षणानं त्याहून कमी, आणि तरी सासुरवाडीला आम्ही दोघं एकदम पोचलो की पाण्याचा तांब्या आधी त्यांच्यापुढं येतो. ते थोरले जावई आहेत म्हणून, असं बायको सांगते. मला ते कधीच पटलेलं नाही.

नव्या जिल्ह्यावर तर त्यांची अशी श्रद्धा की सरकारनं निर्णय घ्यायच्या आधी यांनी तो घेऊन टाकला. आडतीच्या पाटीवर खाली ‘जि. उदगीर’ असं केव्हाच रंगवून झालं आहे. नवी मोटारसायकल घेतली तेव्हा लातूरचा नंबर घ्यायला ते तयारच होईनात. नव्या जिल्ह्याचा नंबर सुटला की पहिला आपलाच, म्हणून पाटीवर ‘ए/एफ’, म्हणजे नंबरासाठी अर्ज केलाय, एवढ्या दोन अक्षरांवर ते खुशाल फिरत राहिले. शेवटी एका हवालदारानं अडवलं. साडूंनी गाडी लिंबाखाली लावली आणि त्याला नव्या जिल्ह्यात कोणकोणते तालुके येणार हे समजावून सांगितलं. हवालदार निघाला जळकोटकडचा. आपलं गाव नव्या जिल्ह्यात जातंय म्हटल्यावर त्यानंच चहा पाजला आणि लवकर नंबर घ्या म्हणून सोडून दिलं. त्याच आठवड्यात मला सीटबेल्टसाठी पावती फाडावी लागली होती. माझं गाव कोणत्या जिल्ह्यात हे मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्या मोटारसायकलीविषयी मी शांतपणे लिहू शकत नाही. शोरूममधून आलेली कोरी गाडी, पण दिसायला आजोबांच्या काळातली. गोल दिवा, पोट सुटलेली टाकी, चकाकणारा सायलेन्सर. मी कर्ज काढून चारचाकी घेतली होती, तीही एसीची. पण आम्ही राहतो लातुरात, आणि त्या वर्षी तिथं प्यायच्या पाण्याची मारामार, गाडी कोण धुणार? तिचा मूळ रंग पांढरा होता हे मला लोकांना सांगावं लागे. साडूंची गाडी ओल्या फडक्यानं आरशासारखी व्हायची आणि कॉलेजची पोरं तिच्याजवळ उभी राहून फोटो काढायची. माझ्या गाडीच्या धुळीवर बोटानं नावं लिहायची.

पण या गाडीच्या अंगात एक उणीव होती, आणि ती कळल्यावर मला दोन दिवस जेवण गोड लागलं. थाट मोठा आणि इंजिनाचा दम बेताचा. पहिल्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक सगळ्यांसमोर म्हणाला, ‘मालक, एकट्याला राजेशाही हाय. डबलसीटला मातर जरा इचार करा.’ नेमक्या अक्का तिथं उभ्या होत्या. लग्न झालं तेव्हा साडूंच्या सायकलच्या क्यारेजवर बसून त्या साऱ्या उदगीरभर फिरल्या होत्या म्हणे. पुढं थायरॉईडच्या दुखण्यात अंगानं सुटल्या, आणि लोकांच्या नजरा चुकवत घराबाहेर पडणं कमी करत गेल्या. ही गाडी साडूंनी त्यांना मागं बसवून हिंडवायला घेतली होती. मेकॅनिकचं ते वाक्य ऐकल्यावर अक्का घरी चालत गेल्या आणि गाडीवर बसणार नाही म्हणून सांगून मोकळ्या झाल्या.

दुसरा कुणी असता तर गाडी विकून मोकळा झाला असता. साडूंनी गाडीची परीक्षाच मांडली. आडतीत पोत्यांचा काटा होताच. मोंढ्यात येणाऱ्या प्रत्येक जाडजूड माणसाला ते आधी काट्यावर उभं करायचे आणि मग गाडीवर मागं बसवून स्टेशनापर्यंत नेऊन आणायचे. वकील झाले, हलवाई झाले, तालमीतले वस्ताद झाले. एरवी वजन लपवणारी माणसं फुकटच्या फेरीसाठी ते वाढवून सांगू लागली. रोज रात्री जेवताना साडू अक्कांना, आज अमक्याला ओढलं, असं सांगायचे. अक्का पानात भाकरी वाढत म्हणायच्या, वकिलाला कोण हसतंय. मग साडू दुसऱ्या दिवशी आणखी जाड माणूस शोधायला निघायचे.

त्यातच धोंड्याचा महिना आला. सासऱ्यांनी दोन्ही जावयांना जेवायला बोलावलं. सासुरवाडी इस्लापूरच्या पलीकडं, किनवटच्या जंगलाला लागून. पावसाळा सुरू होऊन पाऊस नव्हता, सहस्रकुंडाच्या धबधब्याचे नुसते काळे खडक उघडे पडलेले, पण सासऱ्यांच्या विहिरीला पाणी होतं. खरं सांगायचं तर मानापेक्षा बादलीभर पाण्यानं अंघोळ करायला मिळणार म्हणून मी निघालो होतो. साडू एकटे मोटारसायकलवर आले आणि अक्का आमच्या गाडीतून. वाटेत अक्का म्हणाल्या, तुमच्या गाडीत बरं आहे, कुणाला काही दिसत नाही. मी ते गाडीचं कौतुक समजलो.

जेवणं झाली, पुरणाचे धोंडे अंगावर आले, आणि साडूंनी सासऱ्यांनाच गाडीवर बसायची विनंती केली. आमचे सासरे म्हणजे घराण्यातला सर्वांत भारी ऐवज, ते बसले की बाजसुद्धा बोलते. गावाबाहेर एक उभा चढ आहे. सगळं गाव बघायला जमलं. भर दुष्काळात मी देव पाण्यात घालून बसलो होतो, की गाडी निम्म्यात बंद पडू दे. ती कण्हली, धूर सोडला, शेजारून चालणारी शेळी तिच्या पुढं निघून गेली, पण ती चढली. वरून सासऱ्यांनी फेटा हलवला. माझी बायकोही टाळ्या वाजवत होती, हे मी पाहिलं.

सगळे घरी परतलो. आता तरी अक्का हो म्हणतील असं सगळ्यांना वाटलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारातून हलल्या नाहीत. ‘गाडी ओढती हो,’ त्या म्हणाल्या, ‘माणसं बघत्यात, त्याचं काय?’

साडू घामानं निथळत होते. त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि सासरे, मेहुणे, शेजारीपाजारी सगळ्यांच्या देखत म्हणाले, ‘बघू दे की. मला तर तू दिसणार बी न्हाईस, पाठीमागं असशील. निस्तं हाईस एवढं कळू दे.’

सासरे आढ्याकडं बघू लागले. मला त्या माणसाचा जन्मात वाटला नव्हता इतका हेवा वाटला. मी सासुरवाडीत बायकोकडं पाणी मागतानासुद्धा इकडंतिकडं बघतो.

निघताना असं ठरलं की अक्कांनी फाट्यापर्यंत गाडीवर बसायचं, तिथून आमच्या गाडीत. त्या एका अंगानं बसल्या, पदर खोचला, मागची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरली. आम्ही पुढं जाऊन फाट्यावर थांबलो. मी मागचं दार उघडून, एसी लावून उभा राहिलो. ते दोघं आले, आणि तसेच पुढं निघून गेले. साडूंनी डावा हात वर केला. अक्कांनी आमच्याकडं पाहिलंही नाही. त्यांची पिशवी आमच्याच डिकीत होती.

पुढच्या चढाला मी त्यांना गाठलं. गाडी इतकी हळू चालली होती की मला दुसऱ्या गिअरवर यावं लागलं. अक्कांचा एक हात दांडीवरून सुटून साडूंच्या खांद्यावर आला होता. रस्ता मोकळा होता, सहज पुढं काढता आलं असतं. माझा हात हॉर्नकडं गेला.

‘वाजवू नका,’ बायको म्हणाली. तिनं काच खाली केली.

मी तिच्याकडं पाहिलं. ती त्या दोघांकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला अनोळखी नव्हतं. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात आम्हा दोघांना एकाच वेळी एकाच गोष्टीचा हेवा वाटल्याचा तो पहिलाच प्रसंग असावा. भोकर येईपर्यंत मी त्यांच्या मागंच गाडी ठेवली.