पाळ फुटली त्या दिवसाची नोंद

कामठ्याजवळच्या एका गावात मी आयुष्यभर इतिहास शिकवला. संस्कृती उदयाला कशा येतात आणि लयाला का जातात, हा माझा आवडता धडा. नदीनं पात्र बदललं, पाऊस आटला, शत्रू आले. मी फळ्यावर कारणं लिहायचो आणि मुलं उतरवून घ्यायची. आता ग्रामपंचायत गावाच्या इतिहासाची पुस्तिका काढते आहे आणि तलावाचं प्रकरण माझ्याकडे आलं आहे. ते खोटं लिहून मला मरायचं नाही.

आमचा तलाव मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदारीच्या, काळातला. दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस एक दिवस पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, यायचा. गाळ काढायचा, पाळीवर माती चढवायची, खेकड्यांची बिळं बुजवायची, दुपारी तिथंच सगळ्यांचा भात शिजायचा. पाणी सोडायचं काम एका गोंड म्हाताऱ्याकडे होतं. पाणी सोडायच्या दाराला आम्ही तुडूम म्हणतो; त्याला त्याच्याशिवाय कुणी हात लावत नसे.

मी तेव्हा नवा मास्तर होतो. गावसभेत उभा राहून म्हणालो, "ही मालगुजाराच्या वेळची वेठ आहे. तलाव आता सरकारचा आहे, दुरुस्ती सरकार करेल. मी अर्ज लिहितो."

म्हातारा म्हणाला, "गुरुजी, तुमची घरवाली आंगण झाडते, ते बी वेठच काय जी?"

सभा हसली, मीही हसलो. पण पुढच्या उन्हाळ्यात पाळीवर तो एकटाच घमेलं घेऊन दिसला. मी अर्ज लिहीत राहिलो, दर वर्षी, वळणदार अक्षरात.

चौथ्या पावसाळ्यात एका दुपारी तो भिजलेला वर्गाच्या दारात आला. "पाळ पाझरून राहिली, गुरुजी. तुडूम सकाळीच उघडून देलो, पण भागत नाही. गाव तुमचं आयकते. वीस माणसं द्या, माती टाकू."

"अर्ज गेला आहे, बाबा."

"पान्याले वाचता येते काय तुमचा अर्ज?" एवढं बोलून तो गेला. मी धडा पुढे चालू केला.

संध्याकाळी पाळ फुटली. माणसं वाचली, पण नुकतीच रोवणी झालेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सगळ्या वाहून गेल्या. अक्षर चांगलं म्हणून पंचनामा मला लिहायला सांगितला. लोक म्हणत होते, म्हातारा मोहाची पिऊन पडला, तुडूम उघडायचं राहून गेलं. मी तेच लिहिलं. त्यानं मुकाट्यानं अंगठा दिला आणि सालेकशाला मुलीकडे निघून गेला. तिथंच तो वारला. त्यानंतर पाळीची कुणी काळजी केली नाही, आणि तलावाच्या पोटात आज धानाची शेती होते.

फळ्यावर मी लिहीत आलो त्या कारणांत हे कधीच नव्हतं. मोठमोठी नगरं ढासळली तिथंही आधी कुणीतरी शिकलेला माणूस उभा राहून म्हणाला असेल की हे काम आपलं नाही.

गेल्या महिन्यात मी सालेकशाला गेलो. त्याची मुलगी आता साठीपुढची आहे. अंगणात वाळत घातलेली मोहाची फुलं ती हातानं पसरत होती. मी ओळख सांगितली आणि उभ्यानंच सगळं बोलून टाकलं.

"बसा न जी आधी, पडान," ती म्हणाली. पाणी दिलं. मग पुन्हा मोह पसरू लागली. "बाबाले माहीत होतं काय लिवलं ते. मी इचारलो, अंगठा काऊन देला? त म्हणे, तलावच गेला, आता भांडून काय करू."

माझे डोळे भरले. ते पाहून तिनं आपली नजर वळवली.

"पुस्तकात मी लिहीन," मी म्हणालो, "की तुमचे बाबा दारूला शिवत नव्हते."

"तसं नका लिवू," ती हसली. "सणासुदीले पेत जाय न तो. चांगला चांगला लिवान, त कोणी मानणार नाही. पावसाळ्यात तलाव भरला का मंग मात्र थेंब नाही. तेवढं लिवा."

तर ही नोंद. तो सणासुदीला पीत असे. पाळ फुटली त्या दिवशी तो प्यालेला नव्हता. तुडूम त्यानं सकाळीच उघडलं होतं आणि दुपारी तो मदत मागायला माझ्याकडे आला होता. मी गेलो नाही.